सातशे अकरा सारखे फोटो

"वैजू, देवीनं दोन वर्षं एकच साडी नेसली काय गं?"

भिकूनाना गुरव कार्यालयाच्या दारात उभे होते. टॅब त्यांनी दोन्ही हातांत असा धरला होता की जरा हलला तर सांडेल. मी नोंदवहीतनं मान वर केली.

"काय बोलताय नाना?"

"मग बघ की तूच. एक बाई आलीया, तिला गेल्या नवरात्रातली पूजा दाखवायची हाय. इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं, आजचा सोडला तर फोटो एकच. गुलाबी साडी. बाकीच्या कुठं गेल्या?"

बाकीच्या कुठं गेल्या ते जगात फक्त मला ठाऊक होतं. त्या मीच घालवल्या होत्या, त्याच दिवशी सकाळी, साडेआठ वाजता, चांगली शुद्धीत असताना.

आता तुम्हाला आमच्या माळजाईची रीत सांगायला हवी, नाहीतर माझं पाप किती मोठं ते कळायचं नाही. माळजाई रोज नवी साडी नेसते. ती साडी कुणीतरी भक्तानं दिलेली असते आणि तिचा नंबर लागायला दोन-अडीच वर्षं जातात. एकदा नेसलेली साडी देवी पुन्हा नेसत नाही. गाभाऱ्यात मोबाइलला बंदी, त्यामुळं साडी देणाऱ्यालाही फोटो काढता येत नाही. देवस्थाननं म्हणून एक टॅब घेतलेला. आरतीनंतर मी त्यावर एक फोटो काढायचा, महिन्याकाठी सगळे तालुक्याच्या स्टुडिओत छापायला द्यायचे आणि फ्रेम करून ज्याचा त्याला पाठवायचा. आपली साडी देवीनं नेसली याचा पुरावा म्हणा, सुख म्हणा, तो तेवढाच. बायका तो देव्हाऱ्याशेजारी लावतात.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. गावात कुणाच्याही मोबाइलला सर्दी झाली तरी माझ्याकडं आणायचे. त्यामुळं डोकं जरा वरच असायचं.

तर त्या मंगळवारी सकाळी आरती झाली, मी टॅब उचलला, बटण दाबलं आणि टॅब म्हणाला, जागा शिल्लक नाही. मागं रांग, घंटा चाललेली, नाना "आटप गं" म्हणून खुणावतायत. टॅबमध्ये एक सफाईचं ॲप होतं. ते उघडलं. त्यानं दोन मिनिटं गरगर फिरून सांगितलं, 'सातशे अकरा सारखे फोटो सापडले. सर्वांत चांगला ठेवून बाकीचे काढून टाकू का?'

मी म्हटलं, अगं बाई, किती शहाणं ॲप! दाबलं 'हो'. मग ते म्हणालं, कचरापेटीतही जागा अडलीय, तिथूनही काढू का? मी तेही 'हो'. शिकलेली ना मी! अर्धवट काम मला आवडत नाही.

ॲपचा तरी काय दोष? मुखवटा तोच, मुकुट तोच, नथ तीच, समई त्याच जागी. बदलायची ती साडी. त्याला वाटलं, ही बाई एकच फोटो सातशे वेळा काढत बसलीय.

"नाना," मी म्हटलं, "त्या बाईंना सांगा, टॅब बिघडलाय."

"बिघडलाय की बिघडवलास?"

मी सकाळचं सगळं सांगून टाकलं. नाना माझ्या समोरच्या खुर्चीत बसले आणि हसायला लागले. पोट धरून हसले. मला रडू येत होतं आणि हा माणूस हसत होता.

"हसताय काय? नोकरी जाईल माझी!"

"आगं, दोन वर्षांचे छापून गेल्यात की घरोघरी. ऱ्हायल्यात ते किती?"

नोंदवही उघडली. शेवटचे फोटो छापायला दिल्याला नऊ दिवस झाले होते. नऊ साड्या. नऊ घरं. जरा जीव आला. त्या दुपारी मी एकेकाला फोन लावला आणि खरं तेच सांगितलं. दोघं चिडले, एकजण म्हणाला, "राहू द्या ताई, देवीनं नेसली ना, झालं." एका बाईनं मला असं झापलं की मी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता. तरी बोलून बोलून आठजण राजी झाले. कुणाचा नंबर रद्द झाला तर त्यांची दुसरी साडी आधी लावायची, असं ठरलं.

नववा फोन लावायच्या आधी तोच वाजला.

"माळजाईचं ऑफिस न्हवं? मी गौराक्का मगदूम. निपाणीकडनं बोलतोय." त्या भागातल्या म्हाताऱ्या बायका 'बोलतोय' म्हणतात, हे मला माहीत होतं. आवाज खणखणीत. "माझी इरकल गेल्या बेस्तरवारी नेसली न्हवं देवी? पोरगा घेऊन आलता. फोटो कवा यायचा?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. देवीशपथ उघडलं होतं.

"दोन वर्सं कशिदा काढलाय त्येच्यावर," ती म्हणाली. "हातानं. आणि जायच्या आठ दिवस आधी पडलो बघ न्हाणीत. खुबा मोडला. आता हाय पलंगावर. डॉक्टर म्हणतोय, डोळ्यांनी आता सुई धरायची न्हाई. म्हणजे ही शेवटचीच. तवा फोटो जरा मोठा काढ हं पोरी."

"प्रिंटला दिलाय आक्का," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. बाकीच्या आठजणांना 'दुसरी साडी द्या' म्हणता आलं होतं. हिला कुठल्या तोंडानं म्हणणार?

नाना दारात सुपारी कातरत होते. ते हसले नाहीत.

बुधवारी मी स्टुडिओवाल्या प्रमोदला फोन केला आणि साडी हिरवी इरकल होती एवढं सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय वैजूताई? तो गुलाबी फोटो पाठवा, कॉम्प्युटरवर हिरवा करतो. इरकलीचा पदर लालच असतो, तोही करतो. देवी तीच आहे. म्हातारीला काय कळतंय?"

मला ते इतकं पटलं, इतकं पटलं, की लगेच पाठवला. संध्याकाळी फोटो तयार होऊन आला. हिरवीगार साडी, लाल पदर, माझ्याच डोळ्यांना खरा वाटला. मी नानांना दाखवला. त्यांनी लांब धरला, जवळ धरला.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "देवीला रंग लावलाय बैलावाणी."

"नाना!"

"मला कशाला इचारतीस मग?"

तरी मी गुरुवारी तो पाठवलाच असता. खोटं कशाला बोलू? पाकिटावर पत्ता घालून झाला होता. तेवढ्यात परत फोन.

"फोटो आला का गं छापून?"

"आला आक्का. आजच टाकते पोस्टात."

"आगं मग हातात असंल तर एवढं बघून सांग." तिचा आवाज एकदम खाली आला. घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये तसा. "त्या साडीवर मी बावीस मोर काढल्यात. निळे. शेवटल्या मोराला निळा दोरा संपला बघ. निपाणीत हुडकला, बेळगावातनं मागवला, त्यो रंग मिळंना झाला. तारीख तर जवळ आलेली. मग मी म्हटलं मरू दे, आणि त्येची निम्मी शेपटी पिवळ्यानं काढली. तवापास्नं मला झोप न्हाई बघ. त्यो मोर म्होरं आलाय का निऱ्यांत गेलाय? म्होरं आला असंल तर समद्यांनी बघितला असंल. देवीच्या अंगावर माझी चूक."

मी हातातल्या फोटोकडं बघितलं. प्रमोदच्या साडीवर एकही मोर नव्हता. साधा चिमणीएवढा ठिपका नव्हता.

"आक्का, तुमचा आवाज कट होतोय," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

मग मी धावत गाभाऱ्यात गेले. "नाना, गेल्या गुरुवारची इरकल आठवते? मोरांची? एक मोर पिवळा होता. पुढं आला होता की निऱ्यांत?"

"मला काय ठावं?"

"तुम्हीच नेसवली ना!"

"पडद्याआड नेसवताना नजर पायाशी ठेवायची असती. आज्यापास्नं शिस्त हाय आमची. मी साडी बघत न्हाई, नेसवतो. तू बघितली असशील की. फोटो तू काढलास."

मी आठवायला लागले. गुरुवार. आरती. टॅब उचलला. मुकुट चौकटीत बसतो का बघितलं. समईचा उजेड फार येत नाही ना ते बघितलं. क्लिक. साडी? हिरवी होती, एवढंच. अहो, मोर सोडा, मला तिचा काठसुद्धा आठवेना.

मी तिथंच उंबऱ्याशी बसले. लाज वाटली म्हणजे किती वाटावी! नानांनी निरांजनाची वात सारखी केली आणि म्हणाले, "साडी काय ढगात गेली न्हाई. हाय ती हितंच गावात."

हे माझ्या कसं लक्षात आलं नव्हतं कोण जाणे! आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं बाळाला देवीच्या पायांवर घालायला आणते, शुक्रवारी. त्या वेळी नुकतीच उतरलेली साडी गुरव तिच्या ओटीत घालतो. कुणाची कुणाला गेली ते लिहून ठेवायचं नाही, अशी रीत. नाहीतर बायका बायकांत तुझी भारी का माझी भारी सुरू होतं.

"कुणाला दिली?" मी उठलेच. "नाना, आपण ती आणू. धुऊ, इस्त्री करू, उद्या पहाटे दहा मिनिटं नेसवू, फोटो काढू, परत देऊन टाकू. कुणाला कळतंय?"

"कुणाला कळतंय?" नानांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग म्हणाले, "दोन दिवस झालं तुझं हेच चाललंय. कुणाला कळतंय, कुणाला कळतंय. एकदा नेसलेली देवी पुन्यांदा नेसत न्हाई. आणि दिल्यालं मागारी मागायचं नसतं. बघायला चल म्हणत असशील तर येतो. मागायला न्हाई."

शुक्रवारी दुपारची आरती झाल्यावर आम्ही निघालो. टॅब माझ्या पिशवीत. गेल्या शुक्रवारी दोन बाळं आली होती. पहिल्या घरी गेलो तर तिथली साडी जांभळी निघाली. चहा मात्र प्यावा लागला. दुसरं घर देवळाच्या पायऱ्यांवर नारळ विकणाऱ्या द्रौपदामावशीचं. तिची लेक पारू बाळंतपणाला माहेरी आलेली.

दारातनं आत बघितलं आणि मी थांबलेच.

आढ्याला दोरी बांधून झोळी टांगली होती. हिरव्या इरकलीची. आणि त्या झोळीवर खालपासून वरपर्यंत मोर. पिसं फुलवलेले, माना वळवलेले, चोचीत चारा धरलेले. एकासारखा दुसरा नाही. एकेका मोराच्या डोळ्याला मोहरीएवढी पांढरी गाठ. मी आठ दिवसांपूर्वी हीच साडी हातभर अंतरावरून बघितली होती म्हणायची!

"या की नाना," पारू उठली. मला बघून तिचा चेहरा जरा उतरला. कार्यालयातली बाई घरी कशाला येईल? "वैजूताई, काय झालं? साडी चुकून आली का आमच्याकडं?"

मी नुसती झोळीकडं बघत राहिले. तिनं त्याचा अर्थ लावला तो लावलाच. "तरी मी आईला म्हणत होते, एवढी भारी साडी आपल्याला कशी देतील. थांबा, सोडून देते. पण त्यानं एक-दोनदा भिजवलीय हो. धुऊन देऊ का?" आणि ती खरंच टाचा उंचावून दोरीची गाठ सोडायला लागली.

नाना माझ्याकडं बघत उभे होते. खरं सांगते, एका क्षणापुरतं मला वाटलं, सोडू दे. मी मागितलेली नाही, तीच देतेय. साडी हातात येईल, पुढचं पुढं. एक 'बरं' म्हणायचाच अवकाश होता.

तेवढ्यात झोळी हलली म्हणून आतलं पोर कुरकुरलं. मी वाकून बघितलं. ते उताणं पडलं होतं, मुठी आवळलेल्या, आणि डोळे एका जागी लावून टक बघत होतं. त्याच्या तोंडापासून वीतभर वर, आतल्या बाजूला वळलेल्या काठाशी, बाविसावा मोर होता. अर्धी शेपटी निळी, अर्धी पिवळी.

"सारखा त्याच्याकडंच बघतो," पारू म्हणाली. "बाकीच्यांकडं ढुंकून नाही. रात्रीचा रडायला लागला की त्या अंगाला निजवायचा, की झाला गप."

"पारू, गाठ बांध," मी म्हटलं. "साडी तुझीच आहे. घट्ट बांध, पडेल तो. मला फक्त एक फोटो काढू दे."

टॅबमध्ये आता जागेची काही कमी नव्हती. तरी मी एकच काढला. आधी पाच मिनिटं नीट बघितलं, मग काढला.

शनिवारी मी रजा टाकली. प्रमोदकडून फोटो मोठा छापून घेतला, रंगवलेला त्याच्याच पुढ्यात फाडला आणि कोल्हापूर, मग निपाणी, मग वडापची जीप असं करत गौराक्काच्या दारात उभी राहिले. वाटेत सात वेळा मनात आलं, इथूनच परत फिरावं.

गौराक्का पलंगावर उशांना टेकून बसली होती. आवाजावरून मला वाटलं होतं तेवढी बाई मोठी नव्हती. मूठभर. चष्म्याच्या काचा मात्र जाड.

"फोटो द्यायला एवढ्या लांब आलीस?" ती म्हणाली. "सूनबाई, च्या टाक गं."

"आक्का, चहा नको. आधी ऐका."

आणि मी सगळं सांगितलं. ॲप, सातशे अकरा, 'प्रिंटला दिलाय', प्रमोदचा हिरवा रंग, कट होणारा आवाज. काही लपवलं नाही. "देवीच्या अंगावर तुमची साडी कशी दिसत होती ते आता कुणीच सांगू शकत नाही आक्का. नाना बघत नाहीत. आणि मी बघितलीच नाही. फोटो काढला, पण बघितली नाही. ॲपला सातशे देव्या सारख्या दिसल्या म्हणून मी त्याला हसत होते. मला तरी कुठं वेगळ्या दिसत होत्या?"

बोलता बोलता मी रडायला लागले. स्वयंपाकघरात भांडं वाजलं ते वाजलं, मग तिकडं सगळं गप्प.

मला वाटलं, आता शिव्या. द्याव्यात, म्हणजे सुटेन.

"आणि ह्यो कसला फोटो आणलास मग?" तिनं हात पुढं केला.

मी दिला. तिनं चष्मा काढला आणि फोटो डोळ्याला जवळजवळ चिकटवला. कोपऱ्यापासून बघत निघाली. बोटानं एकेक मोर मोजत होती, ओठ हलत होते. एकवीसला बोट थांबलं. मग वर गेलं.

"ह्यो हाय व्हय हितं," ती पुटपुटली. "आणि हे कोण?"

"पारूचं बाळ. सव्वा महिन्याचं आहे. त्या मोराकडंच बघत झोपतं म्हणे. दुसऱ्या कुशीला ठेवलं तर रडतं."

"माझ्या चुकल्याल्याकडं?"

"त्याच्याकडंच."

तिनं फोटो छातीवर पालथा ठेवला. डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही, आणि हसतही होती.

"देवी किती येळ नेसली असंल गं ती साडी?"

"सकाळी सातपासून शेजारतीपर्यंत."

"एक दिस," ती म्हणाली. "आणि पोरं झोळीत किती दिस निजत्यात?"

"वर्षभर तरी."

"वरीसभर," गौराक्का म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडली, "सूनबाई, च्यात साखर घाल चांगली! आणि आत बसून काय ऐकतीस, भाईर ये, बघ माझी साडी!"

माझी नोकरी गेली नाही. टॅब मात्र मी कुणाच्या हातात देईनाशी झाले आणि त्या दिवसापासून फोटो काढायच्या आधी साडी बघायला लागले, काठ, पदर, बुट्टे, सगळं, इतकी की मागची रांग ओरडायची. आता सात वर्षं झाली. अजून बघते.

गौराक्का पुढं आणखी एक वर्ष आणि तीन महिने होती. रोज सकाळी साडेनऊला, आरती आटोपून मी खुर्चीत बसले की कार्यालयाचा फोन वाजायचा. देवीनं आज काय नेसलं, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

"पोरी," ती म्हणायची, "पारूकडं जाऊन आलीस का? रात्री निजलं का गं ते?"